सोलापुरातून नाटक-सिनेमात जायचंय? मुंबईचं तिकीट काढण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी माणसं यायला लागतात. कोणी विडी घरकुलातून, कोणी जुळे सोलापुरातून. एकदा बार्शीहून एक आई मुलाला घेऊन सकाळच्या एसटीने आली होती. सगळ्यांचा प्रश्न एकच: "ताई, ह्याला मुंबईला कधी पाठवू?"

मी गेली अकरा वर्षं मालिका आणि चित्रपटांसाठी सहायक दिग्दर्शक म्हणून काम करते. सुरुवात सोलापुरातल्या हौशी नाटकांतून झाली. जाताना मला सांगणारं कोणी नव्हतं, त्यामुळे दोन वर्षं आणि वडिलांचे बरेचसे पैसे चुकीच्या ठिकाणी गेले. ते तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की मुंबई कधी हा प्रश्न नंतरचा. तिथे जाऊन कोणतं काम करणार आणि ते काम येतं याचा पुरावा काय, ही दोन उत्तरं सोलापुरात राहूनच तयार होतात.

१. आधी कामाचं नाव ठरवा

"सिनेमात जायचंय" हे अर्धंच वाक्य आहे. आज रात्री एखाद्या चित्रपटाची शेवटची नामावली पूर्ण बघा आणि कामांची नावं वहीत उतरवून काढा. पटकथा, संवाद, छायांकन, संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, निर्मिती व्यवस्था, कास्टिंग, पोस्टर, उपशीर्षकं. चेहरा दिसणारी माणसं त्यात मूठभर असतात. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न लिहा: हे काम मला रोज बारा तास, कोणी टाळ्या वाजवत नसताना, करावंसं वाटेल का?

मी स्वतः अभिनय करायचा म्हणून निघाले होते. एका एकांकिकेत मला तीन वाक्यं होती. उरलेला वेळ मी तालीम बघत बसायची. पंधराव्या दिवशी न राहवून म्हटलं, "सर, काल दादांनी कप डाव्या हातात धरला होता, आज उजव्या. त्यामुळे पत्र घेताना त्यांना हात बदलावा लागतो आणि वाक्य मध्येच तुटतं." सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी संहिता आणि पेन्सिल माझ्या हातात दिली आणि सगळ्यांच्या हालचाली टिपायला सांगितल्या. या कामाला चित्रीकरणात कंटिन्युटी म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात, हे मला पुढे तीन वर्षांनी कळलं. तालमीत तुमचं लक्ष आपोआप कुठे जातं ते बघा. बऱ्याचदा तुमचं काम तिथेच असतं.

आपल्याच जिल्ह्यातल्या तीन वाटा बघा. जब्बार पटेल पंढरपूरचे, शाळा सोलापुरात झाली, पुढे पुण्यात डॉक्टर झाले. दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना सांभाळून त्यांनी नाटकं आणि चित्रपट केले. अतुल कुलकर्णी सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर काम करत करत दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पोहोचले आणि १९९५ साली तिथून बाहेर पडले. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पुण्यात मराठी आणि नगरला संज्ञापन (कम्युनिकेशन) शिकून ते दिग्दर्शनात आले. तिघांची वाट वेगळी आहे, आणि तिघांनीही मुंबईला जाण्याआधी दुसरीकडे कुठेतरी भरपूर काम केलेलं आहे.

२. सोलापुरातली दोन-तीन वर्षं नीट वापरा

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलते, आणि मुलं हाच मुद्दा सगळ्यात कमी ऐकतात.

राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा दरवर्षी होते. प्राथमिक फेरीला सोलापूर केंद्र असलं की प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात लागतात. गणपती संपले की गावात तालमी सुरू होतात: शाळेचा हॉल, एखाद्या मंडळाची गच्ची, कोणाच्या तरी कारखान्यातली मागची खोली. तिथे जा आणि भूमिका मागू नका, काम मागा. पहिल्या वर्षी लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे) उचला, पडदा ओढा, प्रॉम्प्टिंग करा म्हणजे विसरलेलं वाक्य आडून सांगा, प्रॉपर्टीची (नाटकात लागणाऱ्या वस्तूंची) यादी सांभाळा. पात्रांची चणचण प्रत्येक संघाला असते. तिसऱ्या आठवड्यात कोणाची तरी परीक्षा येते, कोणाची तरी नोकरीची पाळी बदलते, आणि तेव्हा रोज येणाऱ्या मुलालाच विचारतात.

कॉलेजात असाल तर विद्यापीठाचा युवा महोत्सव चुकवू नका. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, नकला असे वेगवेगळे प्रकार असतात. मूकाभिनयाला मुलं कमी लेखतात, पण कॅमेऱ्यासमोर शरीर स्थिर ठेवायची सवय मला तिथे लागली. नाट्य परिषदेच्या शाखेचे कार्यक्रम आणि शिबिरं यांच्यावरही लक्ष ठेवा. शाळेतल्या मुलांसाठी शासनाची बालनाट्य स्पर्धा वेगळी असते.

प्रकाशयोजनेचं एक सांगते. एका स्पर्धेत मी डिमरवर, म्हणजे दिवे कमी-जास्त करायच्या यंत्रावर, होते. शेवटच्या प्रवेशात बाई एकटी उभी असते, एक वाक्य बोलते आणि दहा आकडे मोजत दिवा उतरवायचा, असं ठरलं होतं. घाबरून मी सहाव्या आकड्यालाच दिवा शून्यावर आणला. तिचं वाक्य काळोखात गेलं. प्रयोगानंतर ती रागावली नाही. माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आकडे मोजू नकोस, माझं वाक्य ऐकत जा." आज सेटवर नवीन मुलांना मी हेच सांगते. असं शिक्षण कोणत्याही फीच्या पावतीवर मिळत नाही, आणि ते तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

*इथला सापळा:* संघ स्वतः उभा करणार असाल तर संहिता नेटवरून उतरवून घेतली आणि केली, असं चालत नाही. लेखकाची लेखी परवानगी लागते, मानधन ठरवावं लागतं, आणि जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या एका प्रयोगाच्या आठ दिवस आधी हे लक्षात आलं आणि प्रयोग रद्द झाला. संहिता हातात आली की पहिलं काम हेच करा.

३. आपली बोली जपा, प्रमाण मराठीही शिका

"काय करलालास बे?" हे सोलापूरकराला लहानपणापासून येतं. पुण्या-मुंबईत गेल्यावर मुलं या बोलीची लाज बाळगतात आणि सहा महिन्यांत ती घालवून बसतात. असं करू नका. २०१६ साली करमाळ्याच्या बोलीतला 'सैराट' सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूची शाळेत शिकत असताना राष्ट्रीय पुरस्कारात दखल घेतली गेली. तेव्हापासून ऑडिशनला "गावाकडची भाषा येते का?" हे आवर्जून विचारतात.

पण प्रमाण मराठी येत नसेल तर निम्मी कामं हातची जातात. रोज वीस मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचा, फोनवर ध्वनिमुद्रित करा, आणि न-ण, ल-ळ, श-ष, च-ज यांचे दोन्ही उच्चार कुठे घसरतात ते ऐका. तीन महिन्यांत फरक पडतो.

घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलत असाल तर ती जमेची बाजू समजा. दक्षिणेतले चित्रपट सतत भाषांतरित आणि डब होत असतात. मूळ भाषा कानाने कळणारा आणि मराठी-हिंदीत नेमकं लिहिणारा माणूस तिथे लागतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट त्यांच्या कधी लक्षातच आलेली नसते.

४. शिक्षण कुठे घ्यायचं

आधी पदवी पूर्ण करा. कोणत्याही शाखेची चालेल. मोठ्या सरकारी संस्थांचे महत्त्वाचे अभ्यासक्रम पदवीनंतरच आहेत, त्यामुळे दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडणारा मुलगा नकळत तेच दरवाजे बंद करतो.

*फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, पुणे.* १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झाली. दिग्दर्शन-पटकथा, छायांकन, संकलन, ध्वनी आणि कला दिग्दर्शन हे तीन वर्षांचे अभ्यासक्रम, अभिनय दोन वर्षांचा, टेलिव्हिजनचे एक वर्षाचे. प्रवेश परीक्षेवर होतो. जागा फार कमी असतात, पण तांत्रिक विभागांकडे आपल्या भागातली मुलं वळतच नाहीत. ध्वनी आणि संकलन यांचा तरी विचार करा. संस्थेचे छोट्या मुदतीचे अभ्यासक्रमही असतात. आपल्याला हे जमेल का, हे बघायला ते चांगले.

*राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दिल्ली.* १९५९ ची संस्था. तीन वर्षांचा पूर्णवेळ निवासी अभ्यासक्रम. पदवी लागते, हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान लागतं, आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. दुसरा मुद्दा इतका लांबवून का लिहिला ते आता कळलं असेल.

*ललित कला केंद्र, पुणे विद्यापीठ.* १९८७ साली सुरू झालं. नाटकाचं शिक्षण मराठीत आणि विद्यापीठाच्या फीमध्ये. सोलापूरच्या मुलाला घरापासून जवळ आणि सगळ्यात परवडणारा पर्याय मला हाच वाटतो. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमीही आहे. तिथे शिकताना मुंबईच्या रंगभूमीची ओळख आपोआप होते.

*इथला सापळा:* तीन महिन्यांत अभिनय आणि शेवटी "हमखास मालिकेत काम" असं सांगणारे क्लास. माझ्या वडिलांचे पैसे अशाच एका ठिकाणी गेले. शेवटच्या दिवशी आम्हाला एका मालिकेच्या सेटवर नेलं, लग्नाच्या गर्दीत उभं केलं आणि काम दिलं असं सांगितलं. प्रवेश घेण्याआधी दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीतल्या पाच मुलांची नावं मागा आणि त्यांना स्वतः फोन करा. नावं द्यायला टाळाटाळ झाली तर परत या.

५. फाइल तयार ठेवा

प्रवेशाची सूचना आली की दिवस थोडे मिळतात. त्या दिवसांत सेतू कार्यालयाच्या रांगेत उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

- आधार, पॅन, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं.
- दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका.
- रहिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला.
- जातीचा दाखला, आणि लागू असेल तर चालू मुदतीचं नॉन-क्रीमी लेयर.
- स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि पासपोर्ट.
- नाटकांचा पुरावा: प्रमाणपत्रं, छापील पत्रिका, वर्तमानपत्रातली बातमी, प्रयोगाचे फोटो.
- ज्यांनी तुमचं काम पाहिलंय अशा एखाद्या दिग्दर्शकाचं शिफारसपत्र.

यातल्या दोन गोष्टी जरा सविस्तर सांगते.

केंद्र सरकारच्या संस्थांना ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. सोलापुरात विशेष मागास प्रवर्गाचे आणि भटक्या-विमुक्तांचे दाखले असलेली घरं पुष्कळ आहेत. आपली जात केंद्राच्या यादीत कोणत्या प्रवर्गात आहे ते आधी बघा आणि तसा दाखला वेळेत काढा.

दुसरं म्हणजे नाटकाची प्रमाणपत्रं. स्पर्धेचं बक्षीस संघाच्या नावावर येतं, तुमच्या नावावर येईलच असं नाही. मी पाच नाटकं केली होती आणि अर्जाच्या वेळी हातात दोनच कागद होते. त्यातल्या एका पत्रिकेवर माझं नाव "व इतर" मध्ये गेलं होतं. प्रत्येक प्रयोगानंतर संघाच्या लेटरहेडवर नाटक, तारीख, ठिकाण आणि तुमचं काम लिहून, सही-शिक्का घेऊन पत्र मागून ठेवा. त्याच आठवड्यात मागा. वर्षाने संघ फुटलेला असतो.

लेखन करणाऱ्यांनी कथा-पटकथा कोणालाही पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये तिची नोंदणी करावी. ती ऑनलाइन होते. शिवाय आपण काय, कोणाला, कधी पाठवलं हे मेलवर राहू द्या. नुसतं तोंडी ऐकवून येऊ नका.

६. ऑडिशन घरूनही देता येते

आता पहिली फेरी बहुतेकदा फोनवर काढलेल्या व्हिडिओवरच होते, त्यामुळे त्यासाठी रात्रीची गाडी पकडून जायची गरज नाही. मोकळ्या, एकरंगी भिंतीसमोर उभे राहा. खिडकी तुमच्या समोर हवी. ती पाठीमागे असली तर चेहरा काळा येतो. चौकडा किंवा बारीक रेघांचा शर्ट नको, साधा एकरंगी घाला. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर आणि कशावर तरी टेकवलेला. नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, येणाऱ्या भाषा सांगा, मग डावा चेहरा, उजवा चेहरा, हात पुढे. त्यानंतर प्रसंग. समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कोणाला तरी बसवा, आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा येऊ देऊ नका. पंखा बंद करा. शेजारी यंत्रमाग चालत असेल तर सुट्टीच्या दिवशी काढा.

वय आणि उंची खरीच सांगा. सेटवर आल्यावर ती कळतेच, आणि मग तुमच्याबरोबर ज्याने तुमचं नाव सुचवलं त्याचाही शब्द जातो.

७. पैसे मागणारा माणूस काम देत नसतो

काम देणारा पैसे देतो. नोंदणी फी, कार्ड फी, "लूक टेस्ट"चा खर्च, अमुकच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ, ड्रेसचं डिपॉझिट, यातलं काहीही मागितलं की तिथेच थांबा. कलाकार-तंत्रज्ञांच्या संघटनेचं सदस्यत्व घ्यायचं तर स्वतः संघटनेकडे जाऊन घ्यायचं, मध्यस्थाकडून नाही. मीटिंग ऑफिसात, दिवसा. हॉटेलच्या खोलीत किंवा फ्लॅटवर बोलावलं तर जाऊ नका, कितीही मोठं नाव सांगितलं तरी. मुलींना मी हे सांगतेच, पण मुलांनाही तितकंच लागू आहे. प्रत्येक भेटीचा पत्ता आणि वेळ घरच्या एका माणसाला पाठवून ठेवा.

लहान मुलांच्या पालकांसाठी: बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करायला लावता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. सलग २७ दिवसांच्या वर काम देता येत नाही आणि शाळा बुडू द्यायची नाही. हा कायद्याचा नियम आहे. सेटवर तसं बोलायला लाजू नका. मी स्वतः पाहिलंय, पालक नियम सांगतात त्या मुलाची शिफ्ट वेळेवर सुटते.

८. निघताना

पहिल्यांदाच सामान घेऊन मुंबई गाठू नका. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येता येतं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्री बसलात की सकाळी मुंबई. अशा चार-सहा फेऱ्या करा. पुण्यात भरत नाट्य मंदिरात, मुंबईत दादरच्या शिवाजी मंदिरात नाटक बघा, ओळखीच्या माणसाच्या परवानगीने एक दिवस सेटवर उभे राहा. सकाळी सातच्या शिफ्टसाठी माणूस विरारहून किती वाजता निघतो ते डोळ्यांनी बघा.

पैशाचा हिशेब असा करा: मालिकेचं मानधन काम झाल्यावर तीन महिन्यांनी हातात येणं नेहमीचं आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी काम मिळालं तरी तीन महिने खिशातून जगायचं. खोलीचं डिपॉझिट सोडून सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय निघू नका. मानधनातून टीडीएस, म्हणजे आधीच वळता केलेला आयकर, कापला जातो, सहसा १० टक्के. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. नवीन मुलं हे भरतच नाहीत आणि दरवर्षी हक्काचे पैसे सोडून देतात. दिवसाचे पैसे, दिवस किती, पैसे कधी, प्रवास आणि जेवण कोणाचं, हे चार मुद्दे कामाआधी किमान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या.

आणि घरच्यांशी मुदत ठरवून निघा. माझे वडील चादरीच्या कारखान्यात होते. त्यांनी मला नको म्हटलं नाही, तीन गोष्टी विचारल्या: किती दिवस, किती पैसे, आणि नाही जमलं तर काय करशील. पहिल्या दोन्हींची उत्तरं माझ्याकडे होती, तिसऱ्याचं नव्हतं. आम्ही दोघांनी बसून ते लिहिलं: तीन वर्षं, आणि नाही जमलं तर बी.एड. करून शाळेत नाटक शिकवायचं. तो कागद अजून घरच्या कपाटात आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यांना फोनवर हिशेब सांगायचा असं ठरलं होतं. अजूनही सांगते.